गुणवत्ता व्यवस्थापनाचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाची मुलं, प्रॉडक्शनमधून नुकतेच क्वालिटीत बदली झालेले सुपरवायझर, ऑडिट तोंडावर आलेले लघुउद्योजक. यांच्याकडून वर्षानुवर्षं जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेत तर उत्तम, पण प्रत्येक उत्तर सुटंही वाचता येईल. एक धागा मात्र सगळीकडे सापडेल: मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी कोणाची? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं, आणि माझ्या मते हा इतिहास त्या बदलाचाच आहे.

१. तपासणी, गुणवत्ता नियंत्रण, गुणवत्ता हमी आणि गुणवत्ता व्यवस्थापन, हे सगळं एकच का?

नाही. तपासणी म्हणजे तयार मालातून खराब माल बाजूला काढणं. नियंत्रण म्हणजे माल बनत असतानाच प्रक्रियेवर नजर ठेवून बिघाडाआधी हात घालणं. हमी म्हणजे माल हातात पडण्याआधीच ग्राहकाला भरवसा वाटावा अशी लेखी, पडताळता येणारी पद्धत. व्यवस्थापनात खरेदीपासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत सगळं येतं, मालकाच्या केबिनसकट. साधारण याच क्रमाने या कल्पना आल्या. नवी आली म्हणून जुनी गेली नाही. आजच्या कारखान्यात चारही नांदतात.

२. कारखाने येण्याआधी गुणवत्ता कोण बघायचं?

करणारा कारागीर स्वतः, आणि त्याच्यावर त्याच्या पेशाची संघटना. आपल्याकडे सोनार कसोटीवर कस लावून सोनं पाहायचा. आपली 'कसोटी' तिथूनच आली. इंग्लंडमध्ये १३०० साली राजाज्ञेने चांदीच्या वस्तू तपासून त्यांवर बिबट्याच्या डोक्याचा छाप मारणं बंधनकारक झालं. १४७८ पासून लंडनच्या सोनारांना आपला माल संघटनेच्या 'गोल्डस्मिथ्स हॉल'मध्ये आणून छाप घ्यावा लागे. हॉलमधली खूण ती हॉलमार्क. भारतात सोन्याच्या हॉलमार्किंगची योजना २००० साली आली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे तुमच्या मंगळसूत्राच्या वाटीवरची बारीक खूण सातशे वर्षांच्या परंपरेतली आहे.

३. मग 'इन्स्पेक्टर' हा वेगळा माणूस कधी आला?

अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांबरोबर. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत बसला पाहिजे, असं फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शस्त्रशाळांनी ठरवलं, तेव्हा डोळ्यांचा अंदाज पुरेना. माप पडताळणारे गेज आले, पुढे भाग मापात आहे की नाही एवढंच सांगणारे गो-नो गो गेज आले. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांची शास्त्रीय व्यवस्थापनाची मांडणी प्रसिद्ध झाली: कामाचा विचार एकाने करायचा, काम दुसऱ्याने, तपासणी तिसऱ्याने. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी-साखळी सुरू झाली आणि ही विभागणी पक्की झाली.

उत्पादन प्रचंड वाढलं, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच वेळी करणाऱ्याच्या हातून गुणवत्ता काढून घेतली गेली. 'जाऊ दे पुढे, क्यूसी (तपासणी विभाग) बघेल' हे वाक्य आजही शॉपफ्लोअरवर ऐकू येतं. त्याचा जन्म इथला.

४. शंभर टक्के माल तपासला तर खराब माल जाणारच नाही ना?

जातो. एक प्रयोग करा. वर्तमानपत्राचा एक स्तंभ घ्या आणि चार जणांना त्यातले सगळे 'र' मोजायला सांगा. 'कार्य'मधला रफार, 'प्रकार'मधला पायातला, 'राष्ट्र'मधला, सगळे धरून. चौघांचे आकडे क्वचितच जुळतील. आठ तास तेच ते भाग बघणाऱ्या इन्स्पेक्टरचं असंच होतं. डोळा थकतो आणि मन भरकटतं.

शिवाय काडेपेटी किंवा फ्यूज तपासायचा तर तो संपवावाच लागतो. म्हणून नमुना तपासणी आली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी तिची कोष्टकं बसवली: लॉट किती मोठा, त्यातून किती नग घ्यायचे, किती खराब निघाले तर लॉट परत करायचा. चांगला लॉट चुकून परत जाण्याचा धोका आणि वाईट लॉट चुकून पास होण्याचा धोका, दोन्ही त्यात मोजलेले असतात. आपल्याकडे नमुना तपासणीसाठी वापरलं जाणारं आयएस २५०० हे भारतीय मानक याच विचारातलं आहे.

५. सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रण नेमकं कुठे सुरू झालं?

शिकागोला लागून असलेल्या सिसेरोत, वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यासाठी. तिथे टेलिफोन यंत्रणा बनायची. जमिनीखाली गाडलेलं उपकरण बिघडलं की खोदकाम आलं, त्यामुळे कंपनीला मालाच्या भरवशाची फार गरज होती. आश्चर्य म्हणजे इंजिनिअर जितक्या वेळा सेटिंग सुधारायला जात, तितका माल बिघडायचा.

१६ मे १९२४ रोजी कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण पाठवलं. त्यात एक आकृती होती: मधे सरासरी, वर-खाली दोन मर्यादा, आणि वेळेनुसार मांडलेले ठिपके. हाच पहिला नियंत्रण तक्ता, आपला कंट्रोल चार्ट.

शूहार्ट यांचं म्हणणं असं: फरक दोन तऱ्हांचा असतो. एक प्रक्रियेच्या अंगचा. धातूचा कठीणपणा, तापमान, यंत्राचा थरथराट, अशा शेकडो बारीक कारणांची ती बेरीज. दुसरा एखाद्या ठरावीक कारणाचा: टूल तुटलं, नवा माणूस आला, कच्चा माल बदलला. दुसऱ्या तऱ्हेचा फरक शोधून काढावा. पहिल्या तऱ्हेच्या फरकामागे धावून यंत्राला हात लावू नये, कारण त्याने फरक वाढतोच. मर्यादेबाहेरचा ठिपका 'आता शोध' म्हणतो, आतला ठिपका 'हात लावू नकोस' म्हणतो. या दुसऱ्या आज्ञेचं मोल मला पहिलीपेक्षा जास्त वाटतं.

माझ्या पहिल्या नोकरीत एक मेहनती ऑपरेटर दर जॉब (यंत्रावर बनणारा नग) मोजून लगेच ऑफसेट, म्हणजे टूलची जागा ठरवणारं सेटिंग, हलवायचा. मोजमापं सगळी इकडेतिकडे. त्याला दोन दिवस ऑफसेटला हात न लावण्याची विनंती केली आणि फरक निम्म्याच्या जवळ आला. त्याची कळकळच मालाला नडत होती.

६. चार्टच्या रेषा तीन सिग्मावरच का? दोनवर किंवा चारवर का नाही?

हिशेबासाठी. सिग्मा म्हणजे मोजमापं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप. रेषा जवळ ओढल्या तर विनाकारण यंत्र थांबवून शोधाशोध करावी लागते, दूर ओढल्या तर खरा बिघाड निसटतो. दोन्हींत पैसा जातो. तीन सिग्मावर हे दोन्ही खर्च बऱ्यापैकी तोलले जातात, असा शूहार्ट यांना अनुभव आला. 'सिक्स सिग्मा'तला सहा वेगळ्या कामाचा आहे. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

७. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स आणि चार्टवरची मर्यादा, फरक काय?

टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, डिझायनर ठरवतो, चार्टची मर्यादा प्रक्रिया स्वतः सांगते. समजा दांड्याचा व्यास २५.०० ± ०.०५ मिमी हवा आहे, आणि लेथवर जॉब एरवी २४.९८ ते २५.०२ मध्ये येतात. उद्या ते २५.०३ कडे सरकू लागले तर प्रत्येक जॉब पास होईल, पण चार्ट ओरडेल. टूल झिजतंय, आत्ताच बदला.

उलटही होतं. प्रक्रिया अगदी स्थिर, चार्ट शांत, पण जॉब २४.९२ ते २५.०८ मध्ये पसरलेले. रोज रिजेक्शन. इथे ऑपरेटरला ओरडून उपयोग नाही. यंत्रच तेवढ्या कामाचं नाही, आणि यंत्र बदलण्याचा निर्णय वरच्यांचा असतो.

एक सूचना: नेहमीचा चार्ट चार-पाच जॉबच्या सरासरीचा असतो. सरासरीचा फरक सुट्या जॉबपेक्षा कमी असतो. म्हणून त्याच चार्टवर टॉलरन्सच्या रेषा ओढू नका. ऑडिटमध्ये ही चूक मी फार पाहिली आहे.

८. दुसऱ्या महायुद्धाने काय बदललं?

वेग. अमेरिकेत १९४१-४२ मध्ये नियंत्रण तक्त्यांची युद्धकालीन मानकं निघाली, लष्करी खरेदीसाठी नमुना तपासणीची कोष्टकं आली आणि हजारो माणसांना झटपट प्रशिक्षण दिलं गेलं. १९४६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. मग युद्ध संपलं, बाजारात वाटेल तो माल खपू लागला आणि बहुतेक कारखान्यांनी चार्ट गुंडाळून ठेवले.

९. जपानला गुणवत्ता डेमिंगनी शिकवली, हे खरं का?

अर्धं. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचं ऋण जपाननेच उघडपणे मान्य केलं आहे: १९५१ पासून त्यांच्या नावाचं पारितोषिक दिलं जातं. त्याचा पहिला निधी त्यांच्याच व्याख्यानांच्या पुस्तिकेच्या मानधनातून उभा राहिला, कारण त्यांनी ते घेतलं नाही. पण गोष्ट त्यांच्याआधी सुरू झाली होती आणि त्यांच्यानंतरही चालू राहिली.

जपान ताब्यात असताना दोस्त सैन्याला रेडिओ आणि टेलिफोन हवे होते, आणि स्थानिक व्हॅक्यूम ट्यूब टिकत नव्हत्या. सैन्याच्या दळणवळण विभागातल्या होमर सॅरासोन आणि चार्ल्स प्रोट्झमन यांनी १९४९-५० मध्ये जपानी व्यवस्थापकांसाठी वर्ग घेतले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या जपानी शास्त्रज्ञ व अभियंता संघानेही १९४९ मध्ये स्वतःचा अभ्यासक्रम सुरू केला होता. याच संघाच्या निमंत्रणावरून १९५० च्या उन्हाळ्यात डेमिंग आले. अभियंत्यांना त्यांनी तक्ते शिकवलेच. मोठं काम मात्र हाकोने इथे झालं. तिथे त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना समोर बसवून सांगितलं की हे तुमचं काम आहे. १९५४ मध्ये अमेरिकी गुणवत्ता-तज्ज्ञ जोसेफ जुरान आले आणि गुणवत्तेचं नियोजन व खर्च व्यवस्थापनाच्या भाषेत मांडून गेले.

शिकवणारे अनेक होते. ऐकून घेणारे वरिष्ठ जपानमध्ये होते. मला यात दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ वाटते.

१०. मग जपानचं स्वतःचं काय?

पुष्कळ. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांनी हे जरूर वाचावं, कारण सुरुवात मागाची आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जी प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. ताण्याचा धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. खराब कापड विणलंच जात नसे, आणि एक माणूस अनेक मागांकडे पाहू शके. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले गेले. याच घराण्याच्या टोयोटा मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी तोच विचार जुळणी-साखळीवर आणला: दोष दिसला तर कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी, प्रसंगी साखळी थांबवावी. प्रश्न ३ मध्ये कामगाराकडून जे काढून घेतलं गेलं, ते इथे त्याला परत मिळालं.

काओरू इशिकावा यांनी माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती दिली आणि १९६२ पासून क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी छोट्या गटांत बसून आपल्या कामातल्या अडचणी सोडवण्याची, चळवळ उभी केली. शिगेओ शिंगो यांचा पोका-योके म्हणजे चुकीचा भाग बसूच नये अशी फिक्श्चरची (भाग धरून ठेवणाऱ्या साच्याची) रचना. मोबाइलचं सिमकार्ड एका कोपऱ्यात का कापलेलं असतं ते पाहा, म्हणजे कळेल.

११. पण शेवटी दोष कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच येतात ना?

हा प्रश्न मालकांकडून येतो आणि उत्तर त्यांना आवडत नाही. डेमिंग आपल्या वर्गात एक प्रयोग करत. पेटीत ४,००० मणी, त्यांतले ८०० लाल. पन्नास खळग्यांचं फावडं बुडवायचं आणि फक्त पांढरे मणी काढायचे. 'कामगार' निवडले जात, प्रशिक्षण मिळे, घोषणा लागत, कमी लाल काढणाऱ्याला शाबासकी, जास्त काढणाऱ्याला तंबी. लाल मणी सरासरी दहाच्या आसपास येतच राहत. पेटीत लाल मणी ठेवले कोणी, हे कोणीच विचारत नसे. डेमिंग यांचा अंदाज होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून येतात आणि व्यवस्था व्यवस्थापनाच्या हातात असते.

प्रत्यक्षातला दाखला हवा असेल तर १९७४ मध्ये मोटोरोलाने आपला टीव्हीचा व्यवसाय जपानच्या मात्सुशिताला विकला तो घ्या. जुरान यांनी दिलेल्या आकड्यांनुसार शिकागोजवळच्या त्या कारखान्यात शंभर संचांमागे दीडशेच्या वर दोष निघत. काही वर्षांत ते तीन-चारवर आले. कामगार बहुतांशी तेच होते.

मग १९८० मध्ये ह्युलेट-पॅकार्डने मेमरी चिपची तुलना जाहीर केली. आवक तपासणीत जपानी कंपन्यांचा एकही नग नापास नव्हता, अमेरिकी कंपन्यांचे हजारी ११ ते १९ होते. त्याच वर्षी जूनमध्ये एनबीसी या दूरचित्रवाहिनीने डेमिंग यांना अमेरिकेच्या घराघरात पोहोचवलं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

१२. या सगळ्यात भारत कुठे होता?

आपल्याला शाळेत शिकवलं जातं त्यापेक्षा बराच आत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, आयएसआय) काढली. १९४७-४८ मध्ये त्यांनी खुद्द शूहार्ट यांना भारतात आणलं. डेमिंग जपानला व्याख्यानं द्यायला गेले त्याच्याही आधी! १९५० च्या दशकात संस्थेने मुंबई, बंगळूर आणि कलकत्त्यात उद्योगांसाठी सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं उघडली. मुंबईच्या गिरण्यांसाठी १९५४ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन स्थापन झाली.

सांख्यिकी संस्थेच्याच सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात लंबकोनी सारण्यांचं गणित उभं केलं: थोड्या प्रयोगांत अनेक घटकांचा परिणाम कसा पाहायचा. १९५४-५५ मध्ये गेनिची तागुची नावाचा जपानी अभियंता कलकत्त्यात येऊन राहिला. पुढे याच सारण्या 'तागुची पद्धत' म्हणून जगभर गेल्या आणि तीस-चाळीस वर्षांनी आपल्याकडे परदेशी तंत्र म्हणून परत आल्या.

रोप आपल्या अंगणात होतं, तरी ते का वाढलं नाही? माझं उत्तर: परवाने आणि टंचाईचा काळ. स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षं थांबत होता, तेव्हा कारखानदाराला चार्ट लावण्याची निकड कशी वाटावी? १९८३ मध्ये मारुती-सुझुकीची गाडी आली आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांना नवी शिस्त लागली. १९९१ नंतर तर पर्यायच उरला नाही. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला भारतातलं पहिलं डेमिंग पारितोषिक मिळालं. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळालं, आणि तो मान मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी.

१३. आयएसआय मार्कमधली 'आयएसआय' म्हणजे हीच कलकत्त्याची संस्था का? आणि आयएसओ प्रमाणपत्र म्हणजे माल चांगला का?

दोन्हींचं उत्तर नाही. मार्कमधली आयएसआय ही भारतीय मानक संस्था (इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन), १९४७ सालची; १९८७ पासून तीच भारतीय मानक ब्युरो आहे. आद्याक्षरं जुळली एवढंच. आयएसआय मार्क वस्तूवर असतो, म्हणजे ती वस्तू ठरलेल्या मानकाला उतरते.

आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटना, हिचं ९००१ हे मानक वस्तूबद्दल नसून पद्धतीबद्दल आहे. लष्करी पुरवठादारांच्या अटी, मग १९७९ चं ब्रिटिश मानक बीएस ५७५०, आणि १९८७ मध्ये आयएसओ ९००० मालिका, असा तिचा प्रवास. तुम्ही जे ठरवलंत ते नोंदवता, पाळता आणि सुधारता, एवढं ती पाहते. म्हणून कंपनीचं ९००१ प्रमाणपत्र डब्यावर वस्तूच्या दर्जाचं चिन्ह म्हणून छापता येत नाही. प्रमाणपत्र आयएसओ स्वतः देतही नाही. ते मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था देतात. चाकण-भोसरीत मोटारीचे भाग बनवत असाल तर २०१६ पासून आयएटीएफ १६९४९ लागतं, आणि ते ९००१ च्याच पायावर उभं आहे.

१४. मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र मिळालंय ना?

नाही, आणि हे सांगताना मला त्यांच्याबद्दलचा आदर कणभरही कमी करायचा नाही. १९९८ मध्ये फोर्ब्स मासिकात त्यांच्या अचूकतेवर लेख आला. पुढे त्याचं 'फोर्ब्सने प्रमाणपत्र दिलं' असं झालं. आपण 'सिक्स सिग्मा' ही संज्ञा वापरलीच नव्हती, असा खुलासा लेखकाने नंतर केला.

सिक्स सिग्मा ही मोटोरोलात १९८० च्या दशकात बिल स्मिथ यांनी घडवलेली सुधारणेची पद्धत आहे. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हा तिचा प्रसिद्ध आकडा. सांख्यिकीच्या कोष्टकात सहा सिग्मा पाहिलेत तर दशलक्षात साधारण ०.००२ दिसेल आणि गोंधळ होईल. प्रक्रियेची सरासरी काळाच्या ओघात दीड सिग्मा सरकते, असं मोटोरोलाने गृहीत धरलं, म्हणून ३.४. हे गृहीतक सगळीकडे लागू पडतं असं मला वाटत नाही. डबेवाल्यांचं खरं वैभव रंग-आकड्यांच्या खुणांमध्ये आणि आपल्या डब्याची जबाबदारी आपण घेण्यात आहे. प्रश्न १० मधला माग आठवा.

१५. पीडीसीए आणि पॅरेटो ही नावं बरोबर आहेत का?

रूढ आहेत, बरोबर म्हणणं कठीण. पीडीसीए म्हणजे प्लॅन-डू-चेक-ॲक्ट हे सुधारणेचं चक्र. त्याची मूळ कल्पना शूहार्ट यांची. ती डेमिंग यांनी जपानला नेली, पीडीसीए हे रूप जपान्यांनी दिलं. स्वतः डेमिंग 'चेक'ऐवजी 'स्टडी' म्हणत. पॅरेटो हे संपत्तीच्या वाटपाचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या नावाने चालणारा, थोड्या कारणांतून बहुतेक दोष येतात हा सर्वसाधारण नियम जुरान यांचा. चुकीचं नाव दिल्याची कबुली त्यांनी पुढे स्वतः लेखातून दिली.

१६. आमचा प्रत्येक नग टॉलरन्समध्ये आहे, तरी ग्राहक नाराज. असं कसं?

तागुचींचं आवडतं उदाहरण सोनीच्या रंगीत टीव्हीचं आहे. एकाच डिझाइनचे संच जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या सॅन डिएगोत बनत. सॅन डिएगोचे जवळजवळ सगळे टॉलरन्सच्या आत, पण काठापर्यंत सारखे पसरलेले. जपानचे थोडे बाहेरही जात, पण बहुतेक मधल्या अचूक आकड्याभोवती दाटलेले. ग्राहकांना जपानचे आवडले. तागुचींच्या मते लक्ष्यापासून दूर जाल तसतसं नुकसान अंतराच्या वर्गाने वाढतं. टॉलरन्सच्या रेषेवर ते अचानक सुरू होत नाही. तुमच्या काठावरच्या शाफ्टला काठावरचं बेअरिंग भेटलं की दोन्ही 'पास' आणि जोडणी 'फेल'.

१७. आमच्याकडचं क्वालिटी सर्कल वर्षभरात बंद पडलं. चूक कुठे झाली?

१९८० च्या दशकात भेलपासून सुरुवात होऊन ही चळवळ भारतभर पसरली, १९८२ मध्ये हैदराबादला तिची राष्ट्रीय संघटनाही झाली. टिकली तिथे एक गोष्ट समान दिसते: कामगारांनी सुचवलेल्या बदलाला आठवडाभरात उत्तर मिळत होतं, नकार असला तरी कारणासकट. बाकी ठिकाणी वार्षिक स्पर्धेसाठी सादरीकरणं झाली आणि यंत्रावर काही बदललं नाही.

१८. यातलं काही प्रत्यक्ष बघता येतं का?

हो. शिकागोकडच्या मराठी मंडळींसाठी: हॉथॉर्न कारखाना राहिला नाही, तिथे बाजारसंकुल आहे, पण त्याचा जुना मनोरा उभा आहे आणि सिसेरोच्या मॉर्टन कॉलेजात छोटं संग्रहालय आहे. कोलकात्यात बारानगरला सांख्यिकी संस्थेच्या आवारात महालनोबिस यांचं घर 'आम्रपाली' संग्रहालय म्हणून जपलं आहे. जपानला गेलात तर नागोयातलं टोयोटाचं स्मारक संग्रहालय चुकवू नका. मोटारींच्या दालनाआधी मागांचं दालन लागतं. जी प्रकारचा माग तिथे आहे, आणि तिथले कर्मचारी जुने माग चालवून दाखवतात. धागा तुटल्यावर काय होतं ते दाखवा म्हणून त्यांना सांगा.